रोग्याची वही

२००५ सालच्या ऑगस्ट महिन्याची २९ तारीख. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या न्यू ऑर्लिन्स या शहरावर त्या दिवशी 'कॅटरिना' नावाचे चक्रीवादळ चालून आले. या शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपेक्षा खोलगट आहे. पाणी आत शिरू नये म्हणून शहराभोवती बांध घातलेले होते. ते बांध ठिकठिकाणी फुटले आणि पाहता पाहता शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लक्षावधी माणसे घरदार सोडून शेजारच्या राज्यांत आश्रयाला गेली. कित्येकांनी नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडले होते.

या माणसांत सगळीच काही धडधाकट नव्हती. कोणाला मधुमेह होता, कोणाला हृदयविकार. कोणाला रोज ठराविक वेळी औषध घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. परक्या गावी परका डॉक्टर त्यांना विचारी, "आपण कोणते औषध घेता?" रोगी उत्तर देई, "एक पांढरी गोळी सकाळी आणि एक रात्री." पांढऱ्या गोळ्या तर शेकडो प्रकारच्या असतात! त्यांतील नेमकी कोणती, किती शक्तीची, आणि कोणते औषध या रोग्याला मुळीच सोसत नाही, हे सांगणारे कागद मात्र न्यू ऑर्लिन्समधील दवाखान्यांत होते. आणि ते दवाखाने पाण्यात होते. भिजून लगदा झालेल्या कागदांबरोबर अनेकांच्या आजारांचा वर्षानुवर्षांचा इतिहास नाहीसा झाला.

एका वर्गातील रोग्यांची स्थिती मात्र निराळी होती. अमेरिकेत सैन्यातून निवृत्त झालेल्या लोकांसाठी सरकारने स्वतंत्र रुग्णालये चालविली आहेत. त्यांतील एक न्यू ऑर्लिन्स येथे होते. पुरामुळे तेही बंद पडले. परंतु तेथील रोग्यांच्या नोंदी संगणकात ठेवलेल्या होत्या आणि त्या नोंदींची नक्कल चुंबकीय फितींवर नियमितपणे उतरवून घेण्याची पद्धत होती. त्या फिती टेक्सास राज्यातील ह्यूस्टन या शहरी पोहोचविण्यात आल्या आणि काही दिवसांतच तेथील संगणकांवर त्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या. मग हे निवृत्त सैनिक ज्या ज्या गावी गेले, तेथील त्यांच्या रुग्णालयात डॉक्टरांना त्यांचे आजार, औषधे व तपासण्या यांची माहिती समोर दिसू लागली. रुग्णालयाची इमारत पुरात सापडली; रोग्यांच्या वह्या मात्र वाचल्या.

रोग्याच्या वहीला इतके महत्त्व का असावे? आजार हा एका क्षणाचा नसतो. तो वाढतो, उतरतो, कधी लपतो आणि पुन्हा डोके वर काढतो. आज रोग्याचा ताप किती आहे हे तापमापक सांगेल. परंतु तो काल किती होता, परवा किती होता, हे कळल्यावाचून त्या तापाचा स्वभाव कळत नाही. म्हणूनच सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य रोग्याजवळ बसून पहिल्या दिवशी काय झाले, तिसऱ्या दिवशी काय झाले, अशी दिवसागणिक हकिकत लिहून ठेवीत असत. त्या हकिकतींपैकी काही आजही उपलब्ध आहेत. ज्यांचे रोगी बरे झाले त्यांच्या हकिकती तर त्या वैद्यांनी लिहिल्याच, परंतु जे दगावले त्यांच्याही लिहिल्या. कारण नोंद ही फुशारकीसाठी नसून पुढच्या रोग्याच्या उपयोगासाठी असते, हे त्यांना उमगले होते.

तथापि नोंद लिहिणे ही एक गोष्ट आणि ती वेळेवर हाती येणे ही दुसरी. अमेरिकेतील रोचेस्टर गावी मेयो क्लिनिक नावाची एक प्रसिद्ध संस्था आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील प्रत्येक डॉक्टर आपल्यापाशी एक मोठी खातेवही बाळगीत असे आणि जो रोगी येईल त्याची हकिकत तीत एकापुढे एक लिहीत असे. एकच रोगी तीन डॉक्टरांकडे गेला, तर त्याची हकिकत तीन वह्यांत विखुरली जाई. शस्त्रक्रियेची नोंद चौथ्या ठिकाणी आणि तपासणीची पाचव्या ठिकाणी. हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टराला ही अडचण जाणवली. १९०७ साली त्याने एक साधी पण क्रांतिकारक पद्धत सुरू केली. वही डॉक्टराची नसावी, रोग्याची असावी, हे तिचे सूत्र होते. प्रत्येक रोग्याला एक क्रमांक द्यावयाचा आणि त्याच्यासंबंधीचा प्रत्येक कागद, मग तो कोणीही लिहिलेला असो, त्या क्रमांकाच्या एकाच पाकिटात ठेवावयाचा. ही पाकिटे एका दालनातून दुसऱ्या दालनात त्वरेने जावीत म्हणून प्लमरने इमारतीत सरकते वाहक व हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळ्याही बसवून घेतल्या. पुढे जगभरच्या रुग्णालयांनी हीच पद्धत उचलली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत रोग्याच्या नावाने जो 'केसपेपर' निघतो, त्यावरही क्रमांक असतो तो याच विचाराने.

कागदाच्या पाकिटाला मात्र काही मर्यादा होत्या. कागद एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो; तो शस्त्रक्रियागृहात असेल, तर औषधालयात नसतो. डॉक्टरांचे अक्षर पुष्कळदा त्यांचे त्यांनाच लागत नाही. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाचे पाकीट इतके जाड होते की, त्यातील महत्त्वाची एक ओळ शोधण्यास डॉक्टराला सवडच मिळत नाही. शिवाय कागदाला पाणी, आग आणि वाळवी यांचे भय असतेच.

१९७२ साली इंडियानापोलिस या शहरात क्लेमेंट मॅकडॉनल्ड या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांसह रोग्यांच्या नोंदी संगणकात ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या काळचे संगणक आकाराने मोठे, किमतीने भारी आणि वेगाने मंद असत. त्यामुळे आरंभ मधुमेहाच्या मोजक्या रोग्यांपासून झाला. परंतु मॅकडॉनल्ड यांना संगणकाचा उपयोग केवळ कपाटासारखा करावयाचा नव्हता. त्यांना वाटे की, ज्या वहीत सर्व हकिकत लिहिलेली आहे, त्या वहीला वेळेवर आठवणही करून देता आली पाहिजे.

त्यासाठी त्यांनी एक प्रयोग केला. रोगी डॉक्टरापुढे येण्यापूर्वी संगणक त्याची नोंद चाळी आणि एखादी गोष्ट करावयाची राहिली असेल, तर तसे कागदावर छापून देई. उदाहरणार्थ, अमुक औषध चालू असल्यामुळे या रोग्याचे रक्त तपासावयास हवे, अशी ती सूचना असे. त्याच डॉक्टरांनी काही काळ या सूचनांसह आणि काही काळ त्यांच्याशिवाय काम केले. १९७६ साली या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. सूचना नसताना, ज्या प्रसंगी लक्ष घालावयास हवे होते अशा १०० प्रसंगांपैकी सुमारे २२ प्रसंगी डॉक्टरांनी योग्य ती कृती केली होती. सूचना असताना हे प्रमाण सुमारे ५१ वर गेले.

हे डॉक्टर अज्ञानी किंवा हलगर्जी होते काय? मुळीच नाही. सूचना मिळणे थांबले की त्यांचे प्रमाण पुन्हा खाली येई. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. मॅकडॉनल्ड यांनी काढलेला निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. थोड्या वेळात पुष्कळ माहिती माणसासमोर आली की, कितीही हुशार व कष्टाळू माणसाच्या हातून काही ना काही सुटतेच. हा दोष त्या माणसाचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे. मनुष्याच्या या अपूर्णतेचा उल्लेख त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच केला होता. आपल्या मर्यादा ओळखून त्यांना साधनाची जोड देणे यात कमीपणा नाही. आठवणीसाठी उपरण्याला गाठ मारणारे आजोबा हेच करीत असतात.

अशी साधने शोधण्याचा मान केवळ डॉक्टरांना किंवा यंत्रज्ञांना मिळाला असे नाही. १९९२ सालची गोष्ट. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक नावाची एक परिचारिका काम करीत होती. एकदा तिने भाड्याने घेतलेली मोटार परत केली, तेव्हा तेथील नोकराने हातातील लहानशा यंत्राने गाडीवरचा काळ्या-पांढऱ्या रेघांचा पट्टा वाचून घेतला आणि क्षणात हिशेब पुरा केला. या पट्ट्याला 'बारकोड' म्हणतात. वाण्याच्या दुकानातील बिस्किटांच्या पुड्यावरही तो असतो. किनिकच्या मनात आले, मोटारीच्या बाबतीत जी दक्षता घेतली जाते, ती रोग्याच्या बाबतीत का घेऊ नये? या विचारातून एक पद्धत जन्माला आली. रोग्याच्या मनगटावरील पट्टीवर एक बारकोड आणि औषधावर दुसरा. परिचारिका औषध देण्यापूर्वी दोन्ही वाचून घेते. औषध भलत्याच रोग्याचे असेल किंवा त्याची वेळ झाली नसेल, तर संगणक तत्काळ इशारा देतो. पुढे ही पद्धत निवृत्त सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत व इतरत्रही पसरली.

आता एक प्रश्न उरतो. एका रुग्णालयाच्या संगणकातील नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला कळावी कशी? एक डॉक्टर 'पटकी' असे लिहील, दुसरा 'कॉलरा' लिहील, तिसरा 'हगवण-वांतीची साथ' म्हणेल. माणसाला हे एकाच आजाराचे बोलणे आहे असा तर्क करता येतो. परंतु यंत्राच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द असतात. म्हणून आजारांना, तपासण्यांना आणि औषधांना सर्वमान्य संकेतांक देण्यात आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पटकीचा संकेतांक 'ए००' असा आहे. मग रोगी मुंबईचा असो की मनिलाचा, डॉक्टर कोणतीही भाषा बोलत असो, त्या संकेतांकाचा अर्थ बदलत नाही. रेल्वेचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जावयाचे असतील, तर दोन्ही रुळांची रुंदी सारखी असावी लागते. माहितीच्या बाबतीतही तसेच आहे. संकेत सारखे नसतील, तर मोठ्या खर्चाने घेतलेले संगणक एकमेकांच्या शेजारी मुक्यासारखे बसून राहतात.

येथवरचे वर्णन वाचून कोणास वाटेल की, संगणक आला म्हणजे रुग्णालयाच्या सर्व अडचणी संपल्या. तसे मात्र नाही. प्रत्येक नवे साधन आपल्याबरोबर नवी जोखीमही आणते.

पहिली जोखीम साधनच बंद पडण्याची. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा एक दुष्ट संगणकीय कार्यक्रम जगभर पसरला. तो ज्या संगणकात शिरे, त्यातील माहिती कुलूपबंद करी आणि ती सोडविण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णालय-संस्थांना त्याचा उपद्रव झाला. हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि काही रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. खेदाची गोष्ट ही की, संगणकातील ज्या उणिवेतून हा शत्रू आत शिरला, ती बुजविण्याचा उपाय दोन महिने आधीच, मार्च महिन्यात, उपलब्ध झाला होता. परंतु अनेक ठिकाणी तो अमलातच आणला गेला नव्हता. भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला आणि तेथील बरेचसे काम कित्येक दिवस हाताने लिहून चालवावे लागले. दाराला कुलूप आहे एवढ्यावर घर सुरक्षित होत नाही; ते कुलूप वेळच्या वेळी तपासावे लागते.

दुसरी जोखीम गुप्ततेची. आजार ही माणसाची खाजगी गोष्ट आहे. डॉक्टराने रोग्याचे गुपित बाहेर फोडू नये, हा दंडक हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेतही आहे. कागदाचे पाकीट एका वेळी एकालाच वाचता येत असे. संगणकातील नोंद चोरीला गेली, तर क्षणात हजारोंच्या हाती पडू शकते. म्हणून ती कोणी उघडावी यावर निर्बंध असावा लागतो, आणि कोणी केव्हा उघडली याचीही नोंद ठेवावी लागते.

तिसरी जोखीम त्याहून सूक्ष्म आहे. यंत्रात एकदा चुकीची माहिती गेली की, तीही खऱ्या माहितीइतक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते. शिवाय डॉक्टरांचा वेळ पडद्याकडे पाहण्यातच जाऊ लागला, तर समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील वेदना पाहणार कोण? नोंद रोग्यासाठी असते, रोगी नोंदीसाठी नसतो, याचा विसर पडता कामा नये.

या सर्व गोष्टींचा विचार आपल्या देशाने करणे अगत्याचे आहे, कारण येथील माणूस पोटापाण्यासाठी सतत फिरत असतो. महाराष्ट्रातलेच उदाहरण घेतले, तर दरवर्षी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो ऊसतोड कामगार बायकामुलांसह पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या आसपास खोप्यांत राहतात. अशा कुटुंबातील तान्ह्या मुलाला कोणत्या लशी टोचल्या आणि कोणत्या राहिल्या, हे सांगणारे कार्ड प्रवासात हरवले, तर नव्या गावच्या परिचारिकेने काय करावे? गर्भवती मातेच्या रक्ताची तपासणी गावी झाली होती, पण तिचे फळ काय निघाले हे दोनशे कोसांवरच्या डॉक्टराला कसे कळावे? न्यू ऑर्लिन्सच्या लोकांवर वादळाने एकदा जो प्रसंग आणला, तो या लोकांवर दरसाल येतो.

भारत सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' देशभर सुरू केले, ते याच हेतूने. त्यानुसार ज्याची इच्छा असेल त्या नागरिकाला १४ अंकी आरोग्य-क्रमांक मिळतो. त्याला 'आभा' असे म्हणतात. रोग्यांच्या साऱ्या नोंदी एकाच कोठारात साठवाव्यात अशी ही योजना नाही. नोंद जेथे तयार झाली, त्या रुग्णालयापाशीच ती राहते; क्रमांकाच्या धाग्याने ती रोग्याशी जोडली जाते. दुसऱ्या डॉक्टराला ती पाहावयाची असेल, तर रोग्याची संमती घ्यावी लागते, आणि कोणती नोंद किती काळ दाखवावी हे रोगी ठरवू शकतो. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली एक कायदाही संमत केला. १९०७ साली प्लमरने वही डॉक्टराकडून घेऊन रोग्याच्या नावे केली. तिची किल्लीही रोग्याच्याच हाती असावी, हे त्यापुढचे पाऊल होय.

परंतु योजना आखल्याने काम पुरे होत नाही. लहान गावांत वीज जाते, संपर्क तुटतो. आरोग्यसेविकेला दिवसभर घरोघर फिरून पुन्हा रात्री यंत्रात नोंदी भराव्या लागल्या, तर तेच काम तिला ओझे वाटू लागते. जे साधन वापरणाऱ्याचे कष्ट कमी करते, तेच टिकते. त्या परिचारिकेला सुचलेली युक्ती दूरवर पसरली, कारण ती रोज औषधे देणाऱ्या हातांच्या अडचणीतून निघाली होती.

यंत्र विसरत नाही हा त्याचा गुण खरा; परंतु काय लक्षात ठेवावे हे त्याला माणसानेच सांगावे लागते. रोग्याने खरी हकिकत सांगितली, डॉक्टराने ती प्रामाणिकपणे लिहिली, परिचारिकेने ती ताडून पाहिली आणि ज्यांच्या ताब्यात ती आहे त्यांनी विश्वासाने जपली, तरच ती वही औषधाइतकी गुणकारी ठरते. न्यू ऑर्लिन्सच्या त्या हजारो रोग्यांना संगणकाने तारले असे म्हटले जाते. पण त्या यशात आणखी कोणाचा तरी वाटा होता. आकाश निरभ्र असताना, पुराची चिन्हेही दिसत नसताना, कोणीतरी रोज नेमाने नोंदींची नक्कल करून ठेवीत होते. त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. परंतु पूर आला, त्या दिवशी त्याचे काम उपयोगी पडले.